बहिणीच्या टोपलीतल्या तीन कोंबड्या

शेत नवऱ्याच्या नावावर असतं, घर सासऱ्याच्या नावावर असतं आणि मोटरसायकल मुलाच्या. मग बाईच्या नावावर काय असतं? आपल्या गावाकडे या प्रश्नाला एक खरंखुरं उत्तर आहे. कोंबड्या! त्या कोणत्याही कागदावर नसतात, तरी सगळ्या गल्लीला ठाऊक असतं की त्या बाईच्या आहेत. अंडी विकायची की घरात खायची, कोणता कोंबडा पाहुण्यांसाठी कापायचा आणि कोणता राखायचा, हे तीच ठरवते. घरच्या धन्याला रस्सा खायची हुक्की आली, तरी आधी तिचा चेहरा पाहावा लागतो.

बोदलकसा तलावाच्या अलीकडे एका गावात, विहारासमोरच्या गल्लीत राहणाऱ्या पार्वताबाईचं घर असंच होतं. घरामागची सांदवाडी, म्हणजे परसातली वाडी, कोंबड्यांनी भरलेली. सकाळी तिनं खुराड्याचं दार उघडलं की सगळा गोतावळा तिच्या पायांत घोटाळायचा, आणि ती एकेकीला नावानं शिव्या घालत तांदळाची कनकी टाकायची. त्यात भुरी नावाची एक कोंबडी होती. निम्मी सांदवाडी तिच्याच पोटची. भुरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली की एक अंडं वाया जायचं नाही, आणि पिल्लं फिरवताना घारसुद्धा जवळ फिरकायची नाही. गावातल्या बाया भुरीचं नाव एखाद्या शिकलेल्या सुनेसारखं कौतुकानं घेत.

यंदा या कोंबड्यांवर पार्वताबाईचा जीव जरा जास्तच होता. तिची सून रेणू गर्भार होती. तपासणीत तिच्या अंगात रक्त कमी निघालं होतं आणि दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावून सांगितलं होतं की पोरीला रोज अंडं खाऊ घाला. पार्वताबाईनं त्याच दिवशी अंडी विकणं बंद केलं. बाळंतपणात रोज अंडं आणि चार दिवसांआड गावरान कोंबडीचा रस्सा, असा तिचा बेत होता. "माह्या सुनेचं बाळंतपण माह्या कोंबड्या करतीन," असं ती नळावर सगळ्यांना सांगायची.

डिसेंबर संपत आला होता. धान घरात आलं होतं आणि बांध्यांमध्ये, भाताच्या रिकाम्या शेतांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार पसरलं होतं. एका दुपारी पार्वताबाईची धाकटी बहीण नंदाबाई बिरसीहून आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर जुनं लुगडं झाकलेलं आणि आत चिंधीनं पाय बांधलेल्या तीन कोंबड्या.

"ताई, रेणूसाठी आणल्या वो," टोपली उतरवत नंदाबाई म्हणाली. "गर्भार पोरीले गावरान अंडं पायजे. माह्या घरच्या सगळ्यात चांगल्या कोंबड्या हायेत ह्या."

"अव, पण एवढ्या कायले आणल्या? तुया घरी काय उरलं मंग?"

"माह्या घरी लय हायेत. तू ठेव."

पार्वताबाईचे डोळे भरून आले. आई लवकर गेली तेव्हा नंदा लहान होती. तिची वेणीफणी, तिचं शाळेत सोडणं, तिचं लग्न, सगळं पार्वताबाईनं आईच्या जागी उभं राहून केलं होतं. त्याच नंदानं आज आपल्या तोंडचा घास काढून आणला होता! तिनं बहिणीला जेवायला बसवायची तयारी केली. पण नंदाबाईची गाडी चुकत होती म्हणे. तिनं चहासुद्धा अर्धाच घेतला. दर वेळी आली की आधी सांदवाडीत जाऊन भुरीला हातात घेणारी ही बाई त्या दिवशी मागच्या दाराकडे फिरकलीसुद्धा नाही. पार्वताबाईला ते खटकलं नाही. प्रेमाच्या माणसाचं आपल्याला काही खटकतच नाही, मंडळी.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाजारातून आणलेली कोंबडी पार्वताबाई कधी थेट खुराड्यात सोडत नसे. आठवडाभर ती अंगणात डालग्याखाली वेगळी राहायची. खाते-पिते कशी, विष्ठा कशी टाकते, हे पाहून मगच तिला बाकीच्यांत जागा मिळायची. तिच्या सासूनं घालून दिलेला नियम होता तो. पण या तीन कोंबड्यांना डालग्याखाली कोंडायचं तिच्या जिवावर आलं. बहिणीच्या घरची कोंबडी परकी कशी? तिनं पायांच्या चिंध्या सोडल्या आणि तिघींना संध्याकाळीच खुराड्यात घातलं.

चार-पाच दिवसांत त्या तिघींतली एक पंख पाडून कोपऱ्यात बसली. पार्वताबाईला वाटलं, थंडी बाधली. तिनं लसूण आणि हळद ठेचून कोंबडीच्या चोचीत कोंबली. दुसऱ्या दिवशी ती मेली. मग घरचा तांबडा कोंबडा हिरवट पांढरं हागायला लागला. मग दोन तलंगांची, तरण्या कोंबड्यांची, मान वाकडी झाली. डोकं पाठीकडे वळायचं, कोंबडी जागच्या जागी गोल फिरायची आणि पडायची. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात, आणि मानमोडी दारात आली की एखाददुसऱ्या कोंबडीवर तिचं भागत नाही.

पार्वताबाईनं दुर्गेश्वरीला बोलावलं. दुर्गेश्वरी त्याच गावची सून. बचत गटातून तिनं शेळ्या-कोंबड्यांच्या औषधपाण्याचं शिक्षण घेतलं होतं आणि बर्फाच्या डब्यातून लस घेऊन ती घरोघर फिरायची. दिवाळीआधी ती पार्वताबाईच्या दारीही आली होती. "लस देल्ली की कोंबड्या अंडी कमी देतात," असं म्हणून पार्वताबाईनं तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. आता तिच्याकडे बघताना पार्वताबाईची मान वर होईना.

दुर्गेश्वरीनं मेलेल्या कोंबड्या पाहिल्या, जिवंत पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "मानमोडीच हाय, काकू. रोग लागलेल्या कोंबडीले आता लस देऊन काई फायदा नाई, अन् यावर औषध नाई. मेलेल्या खोल गाडा, वरून चुना टाका. कापून खाऊ नोका. वाडीतली चप्पल गल्लीत नेऊ नोका, पायानंसुद्धा हा रोग चालत जाते. गल्लीतल्या बाकी कोंबड्यांसाठी लस मी उद्याच आणते. बाहेरून कोणती कोंबडी आली होती का?"

"आली होती. पण ते माह्या बहिणीच्या घरची."

"मंग तिथूनच आला असन."

"काई बी बोलू नोको, दुर्गे!" पार्वताबाई ताडकन म्हणाली. "नंदा माही सख्खी बहीण हाय. मीनं कडेवर वाढवली तिले. ते मले दुखणाईत कोंबडी देईन का?"

दुर्गेश्वरीनं आपली पिशवी उचलली. जाताना म्हणाली, "बरं, नसन. पण त्यांच्या घरच्या कोंबड्यांचं काय, ते तरी इचारा."

हे मात्र पार्वताबाईला पटलं. खरंच की! नंदाच्या घरी लय कोंबड्या आहेत. त्या तीन कोंबड्यांत रोग असेल तर तिच्याही घरी पसरत असेल, आणि त्या भोळ्या बाईला पत्ताही नसेल. तिला सावध करायला हवं. तिनं फोन लावून पाहिला, नंदाबाईनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी घासूनपुसून आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून पार्वताबाई निघाली. तिरोड्याहून गोंदियाची गाडी धरली, गोंदियाहून ऑटोनं बिरसी. वाटभर एकच काळजी तिला खात होती. माझ्या बहिणीचं नुकसान होऊ नये!

नंदाबाईच्या घरावरून, बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं लहान विमान घरघरत गेलं, तेव्हा पार्वताबाई दारात पोचली होती. नंदाबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. सुपातून कनकी खाली पडत होती आणि ती टिपायला एकही कोंबडी धावून येत नव्हती.

पार्वताबाई जागीच थांबली. अंगणात एक पीस नव्हतं. विष्ठेचा एक डाग नव्हता. कोपऱ्यातलं खुराडं उलटं करून उन्हात टाकलं होतं, आणि त्याला आतून-बाहेरून पांढराफेक चुना मारलेला होता.

"नंदा, तुया कोंबड्या कुठं गेल्या?"

नंदाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "विकल्या," ती म्हणाली.

"अन् खुराड्याले चुना कायले लावला?"

नंदाबाईनं सूप खाली ठेवलं.

"नंदे, मी तुले सांगाले आली होती की माह्या घरी मानमोडी आली. तुया कोंबड्या वाचव म्हणून सांगाले आली होती मी! खरं सांग. कुठं गेल्या?"

"मेल्या," नंदाबाई खाली बघत म्हणाली. "सगळ्या मेल्या, ताई. पंधरवड्यात सगळी वाडी खाली झाली. तीनच उरल्या होत्या. उभ्या होत्या, खाऊन राहिल्या होत्या. मले वाटलं, इथं राहिल्या त मरतीन. तुयाकडं जगतीन. रेणूलेबी कामी येतीन."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू घेतल्या असत्या का?"

पार्वताबाई तिच्याकडे बघतच राहिली. सांगितलं असतं तर घेतल्या नसत्या, हे नंदाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच सांगितलं नाही. म्हणजे ही चूक नव्हती, विसर नव्हता. विचार करून, टोपलीवर लुगडं झाकून, गाडीत बसून तिनं हे आणलं होतं. त्यावर रेणूचं नाव घातलं होतं, पोटातल्या लेकराचं नाव घातलं होतं!

"तुले सांदवाडीत यायचीबी हिंमत नाई झाली," पार्वताबाईच्या तोंडून एवढंच निघालं. तिला आता तो अर्धा चहा आठवला.

"मी एकटीच असं केलं का वो?" नंदाबाई रडत म्हणाली. "माह्या नणंदेनं मले कोंबडा देल्ला, तिच्या घरी मरी होती, तिनंबी नाई सांगतलं. तिले तिच्या जावेनं कोंबडी देल्ली. मरी आली की कोणीच सांगत नाई. सांगतलं की गावात कोणी अंडं घेत नाई, पोरं दारासमोरून जाताना नाक दाबतात. सगळे असंच करतात, ताई!"

पार्वताबाई पाणीही न पिता परत फिरली. गाडीत खिडकीशी बसून ती रडली. कोंबड्यांसाठी नाही. कोंबड्या पुन्हा होतात. चोरानं नेल्या असत्या तर तिनं गावभर बोंब मारली असती, शिव्या घालून मोकळी झाली असती. पण बहिणीनं केलेल्या घाताची बोंब कुठं मारायची? ज्या हातानं वेणी घातली होती त्याच हातानं तिनं त्या कोंबड्यांच्या पायांच्या चिंध्या सोडल्या होत्या. तिला स्वतःचाच राग येत होता, आणि नंदाच्या प्रत्येक जुन्या आठवणीवर आता संशय येत होता. विश्वासघाताचं दुःख हे असं असतं. तो आजचा दिवस तर नासवतोच, मागचे दिवसही नासवतो.

घरी आली तेव्हा सांदवाडीत चार-पाच कोंबड्या उभ्या होत्या. त्यात भुरी होती. नवरा गुलाब खड्डा बुजवून हात धूत होता. तिनं सगळं सांगितलं. गुलाब शांत माणूस, पण त्याचंही डोकं तापलं.

"आपल्याले सख्ख्या बहिणीनं फसवलं," तो म्हणाला. "मंग आपण कायले हरिश्चंद्र बनून राहाचं? ज्या उभ्या हायेत त्या आजच काढून टाक. उद्या त्याबी पडतीन. कोणाले द्याच्या त्याले दे."

पार्वताबाई उभ्या कोंबड्या मोजत राहिली. आणि नेमकं तेव्हाच अंगणातून हाक आली, "पार्वताबाई, हाय का घरी?"

शेजारच्या गल्लीतली निर्मलाबाई आली होती. हातात लाखोळीच्या कोवळ्या भाजीची मोठी जुडी. ही निर्मलाबाई दसऱ्यापासून भुरीच्या मागे होती. तिला भुरी निम्म्यानं हवी होती. आपल्या बायांचा हा जुना रिवाज आहे. कोंबडी एकीची, घर दुसरीचं, दाणापाणी-राखण दुसरीची आणि निघालेली पिल्लं दोघींची निम्मी-निम्मी. ना लिहिणं ना सही. सगळा व्यवहार शब्दावर चालतो.

"रेणूले भाजी आणली, कोवळी हाय," निर्मलाबाई म्हणाली. "अन् म्हटलं, आता तरी भुरी देता का? माह्या घरी अंडी जमा करून ठेवली हायेत. ते बसली त उन्हाळ्याआधी पिल्लं निंघून जातीन."

पार्वताबाईनं गुलाबकडे पाहिलं. गुलाबनं तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, सांदवाडीत गेला आणि भुरीला घेऊन आला. पार्वताबाईनं जुन्या लुगड्याचा काठ टरकावला आणि भुरीचे पाय बांधले. तोंडातून शब्द काढला नाही.

"पाहून घ्या," गुलाब म्हणाला.

"पाहाचं काय?" निर्मलाबाई हसली. "पार्वताबाईच्या घरची कोंबडी म्हणजे पाहाचं कामच नाई."

ती भुरीला काखेत मारून निघाली. पार्वताबाई लाखोळीची जुडी हातात धरून दारात उभी राहिली. भाजी अजून ओली होती. निर्मलाबाई वळणावर गेली, तेव्हा तिच्या काखेतून भुरीचे बांधलेले पाय मागे लोंबत होते, आणि पायांना ती चिंधी.

पार्वताबाईची नजर त्या चिंधीवर खिळली. अशीच चिंधी तिनं बारा-पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं सोडली होती! असंच कोणीतरी हसून म्हणालं होतं, 'माह्या घरच्या सगळ्यात चांगल्या कोंबड्या हायेत.' आपण तर काही म्हणालोही नाही. गप्प राहिलो, बस्. पण नंदानं तरी दुसरं काय केलं होतं? दोन तासांपूर्वी ज्या बहिणीला ती मनातल्या मनात शिव्या घालत होती, तीच बहीण आता तिच्याच रूपात, हातात भाजी धरून तिच्याच दारात उभी होती!

"अव, कुठं चालली?" गुलाब ओरडला.

पार्वताबाई भाजी टाकून धावत सुटली होती. पदर खांद्यावरून घसरला, तिला भान नव्हतं. निर्मलाबाईच्या घराचं बांबूचं फाटक उघडंच होतं. अंगणात तिच्या कोंबड्या आणि नुकती पिसं फुटलेली पिल्लं टिपत होती. निर्मलाबाई खाली वाकून भुरीच्या पायाची गाठ सोडत होती.

"सोडू नोका!" पार्वताबाई फाटकाबाहेरूनच किंचाळली. "निर्मलाबाई, सोडू नोका तिले खाली! तुमाले शपथ हाय!"

निर्मलाबाई दचकून उभी राहिली. भुरी हातातच राहिली. "काय झालं वो? आत त या."

"मी आत नाई येत. माह्या पायाले रोग असन." पार्वताबाईला दम लागला होता. "माह्या घरी मानमोडी आली हाय. कालपासून नाई, आठवडा झाला. निम्म्याच्या वर कोंबड्या मेल्या. मले मालूम होतं. मालूम असून मीनं भुरी तुमाले देल्ली."

गल्लीतल्या दोन-चार बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. निर्मलाबाईचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मालूम होतं, मंग देल्ली काऊन?" ती ओरडली. "माह्या पिल्लांकडं पाहून तरी लाज वाटाची होती! मी तुमच्या रेणूसाठी भाजी घेऊन आली, अन् तुमी माह्या काखेत मरी देल्ली?"

"बोला," पार्वताबाई म्हणाली. "तुमी बोलाल तेवढं कमी हाय. पण आधी तिले माह्याकडं द्या."

निर्मलाबाईनं फाटकाशी येऊन भुरी तिच्या हातात जवळजवळ फेकलीच. पार्वताबाई मान खाली घालून सगळ्या बायांसमोरून परत चालू लागली. उभ्या आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण खरं सांगायचं तर गाडीत छातीवर बसलेलं ओझं त्या चार पावलांत थोडं हललं होतं.

तासाभरात दुर्गेश्वरीला निरोप गेला आणि ती धावत आली. तिनं निर्मलाबाईला साबणानं हात धुवायला लावले, लुगडं बदलायला लावलं, अंगणात चुना टाकायला लावला. मग बर्फाचा डबा उघडून तिच्या एकेका कोंबडीच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकला. गल्लीतल्या ज्या बाया दिवाळीआधी तिला हसत होत्या, त्या आता स्वतःच्या कोंबड्या पकडून रांगेत उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणालंच, "पार्वताबाईनं सारा गाव नासवला."

दुर्गेश्वरीनं मान वर केली. "नासवला नाई, काकूनं वाचवला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मागच्या साली मरी आली नव्हती? कोणी सांगतलं होतं? सगळ्यांनी गुपचूप बाजारात नेल्या, नातेवाइकाले देल्ल्या, जावयाच्या ताटात वाढल्या. कोंबडीचा रोग आपण कोंबडीच्या पायानं नाई, आपल्या मुकेपणानं गावोगाव पोचवून राहिलो. आज पहिल्यांदा कोणी तोंड उघडलं, अन् तुमी तिलेच नाव ठेवता?"

बाया खाली बघत पुन्हा रांगेत सरकल्या. निर्मलाबाई घरात निघून गेली.

भुरी तिसऱ्या दिवशी मेली. पार्वताबाईनं तिला स्वतःच्या हातानं सांदवाडीच्या टोकाला पुरलं आणि वर चुना टाकला. खुराडं धुऊन उन्हात टाकलं. सकाळी उठून दार उघडायची सवय इतकी होती की कित्येक दिवस ती रिकाम्या सांदवाडीत जाऊन उभी राहायची. नंदाबाईचे फोन येत. ती उचलत नसे. रेणू म्हणायची, "आई, बोला न एकदा." ती म्हणायची, "काय बोलू? माह्याकडं शब्द नाई."

मार्चमध्ये रेणूला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी पार्वताबाई चुलीपाशी बसून होती. बाळंतिणीला द्यायला घरात एक अंडं नव्हतं. 'माह्या कोंबड्या बाळंतपण करतीन' म्हणणारी बाई दुकानातून अंडी आणायला पिशवी शोधत होती. तेवढ्यात अंगणात कोणीतरी खाकरलं.

निर्मलाबाई होती. जानेवारीपासून ती या दारात आली नव्हती. पदराखालून तिनं एक लहान पातेलं काढलं. त्यात लालसर गावरान अंडी होती.

"रेणूले रोज एक द्या," ती म्हणाली. "सरले की सांगा. माह्या घरच्या साऱ्या कोंबड्या अंड्यावर हायेत. एकबी नाई मेली."

पार्वताबाईनं दोन्ही हातांनी पातेलं घेतलं.

"तुमच्यावर राग होता," निर्मलाबाई म्हणाली. "अजूनबी थोडा हाय. तुमी देल्ली होती, ते मी विसरत नाई. पण धावत येऊन थांबवली, तेबी नाई विसरत. अन् उन्हाळा सरू द्या, माही खुडूक कोंबडी तुमच्याकडं ठेवते. निम्म्यानं!"

नातीच्या नामकरणाचा दिवस ठरला. रेणूनंच बिरसीला फोन करून निरोप दिला. पार्वताबाईनं नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

त्या दिवशी घरात पाहुणे होते, अंगणात मांडव होता. दुपारी कोणीतरी सांगितलं की फाटकाबाहेर एक बाई उन्हात उभी आहे, बोलावलं तरी आत येत नाही. पार्वताबाई बाहेर आली. नंदाबाई होती. हातात टोपली नव्हती, पिशवीत फक्त बाळाचं झबलं होतं.

"बाहेर काऊन उभी हायेस?" इतक्या महिन्यांनी पार्वताबाई तिच्याशी बोलली.

"आत नाई येत, ताई," नंदाबाई म्हणाली. "मागच्या महिन्यात दोन कोंबड्या घेतल्या होत्या. त्यातली एक कालपासून डुलून राहिली. मानमोडीच हाय का, काय मालूम. पण माह्या पायानं तुया घरी काई यायला नोको. झबलं इथं ठेवते. पोरीले दुरूनच पायते."

पार्वताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हेच एक वाक्य डिसेंबरात ऐकायला मिळालं असतं तर! सख्ख्या बहिणीकडून तिला तीन कोंबड्या नको होत्या, सोनं-नाणं नको होतं. एवढं एक खरं वाक्य हवं होतं. आज ते फाटकाबाहेर उन्हात उभं होतं.

ती आत गेली आणि पाण्याची बादली, साबण आणि स्वतःचं एक धुतलेलं लुगडं घेऊन बाहेर आली.

"चप्पल इथंच काढ," ती म्हणाली. "हातपाय साबणानं धू. मागच्या न्हाणीत जाऊन लुगडं बदल. अन् मंग ये आत. पोरगी झोपून उठली हाय." बादली खाली ठेवत ती पुढे म्हणाली, "अन् दुर्गेश्वरी आत जेवून राहिली. तिले तुया कोंबडीचं सांग. आजच सांग."

नंदाबाई खाली बसून पाय धुऊ लागली. पार्वताबाई तिच्या पायांवर पाणी ओतत होती. दोघींच्या मनातलं सगळं त्या पाण्यानं धुतलं गेलं, असं मी म्हणणार नाही. तडा गेलेलं मडकं लगेच सांधत नाही. पण त्या दिवशी नंदाबाईनं बहिणीच्या नातीला मांडीवर घेतलं, एवढं खरं.

मंडळी, आपल्या घरी रोग येतो त्यात आपला काही गुन्हा नाही. कोंबडीला येतो, गुरांना येतो, माणसांना येतो. गुन्हा सुरू होतो तो लपवण्यापासून! आपण टोपलीवर लुगडं झाकतो, प्रेमाचं नाव घेतो आणि आपल्याच माणसाच्या घरी मरण पोचवून येतो. वर म्हणतो, सगळे असंच करतात. सगळे असंच करतात म्हणून तर ते संपत नाही. कोणीतरी एकानं मध्येच थांबून, लाज गिळून, 'माझ्या घरी रोग आहे' असं म्हणावं लागतं. वेळेवर लस देऊन घ्या, नवी कोंबडी आठवडाभर वेगळी ठेवा, मग ती सख्ख्या बहिणीच्या घरची का असेना. आणि कधी तुमच्या वाडीत कोंबडी डुलायला लागलीच, तर शेजारणीच्या फाटकाशी जा, बाहेरच उभ्या राहा आणि तिला सांगा.